बोट कोणी ओढायची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. घरी अर्ध्या टनाचा पिकअप आणि एक मिनिव्हॅन आहे. दोन वर्षांपूर्वी बॉलवर (गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर) जोडायचा 28 फुटी कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, घेतला आणि यंदा 16 फुटी अॅल्युमिनियमची मासेमारीची बोट. जुलैमध्ये सांगलीहून आई-बाबा येणार आहेत. ते, आम्ही दोघं आणि दोन मुलं, सगळे मिळून मिशिगनच्या उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुलाला आठवडाभर जायचं ठरतंय. माझा विचार असा : पिकअपमागे कॅम्पर आणि कॅम्परमागे बोट. माहितीपत्रकात कॅम्परचं वजन 5,200 पाउंड आहे, बोट ट्रेलरसकट 1,800. ट्रकची ओढण्याची क्षमता 11,000. म्हणजे भरपूर जागा शिल्लक. टेक्सासमधला मित्र असंच नेतो. शिवाय लहानपणापासून ऊसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढताना पाहिलेत. पत्नी म्हणते, मी व्हॅनमागे बोट आणते. पण दोन गाड्या, दुप्पट पेट्रोल आणि तिला ट्रेलरची सवय नाही. कॅम्परच्या मागच्या बंपरवर हिच (ट्रेलर अडकवायचा जोड) बसवून घ्यावा म्हणतो. कोणता घेऊ?

उत्तर :

हिच कोणता घ्यायचा हे विचारलंत, पण बंपरचा हिच मुळीच घेऊ नका. तुम्ही सांगितलेली जोडणी मिशिगनमध्ये कायदेशीर नाही. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी तुमच्या ट्रकचा हिशेब ती बोट जोडायच्या आधीच बिघडलेला आहे. दोन्ही गोष्टी नीट पाहू, कारण अशाच बेतात असलेल्या इतरांनाही त्या उपयोगी पडतील.

आधी कायदा. अमेरिकेत दोन ट्रेलर ओढण्याबाबत देशभर एक नियम नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. टेक्सासात मुभा आहे, तिथे एकूण लांबीची मर्यादा 65 फूट. वॉशिंग्टन राज्यात आणि फ्लोरिडात मनाई आहे, पूर्व किनाऱ्यावरच्या बहुतेक राज्यांतही. कॅलिफोर्नियात एकापेक्षा जास्त वाहनं ओढायला क्लास ए परवाना लागतो. गाडीची नोंदणी कुठली हे कोणी विचारत नाही. ज्या रस्त्यावर चाक आहे, तिथला नियम लागू होतो. त्यामुळे मित्र टेक्सासात बरोबर असेल, पण त्याचं उदाहरण तुमच्या कामाचं नाही.

मिशिगनमध्ये परवानगी आहे, पण पहिला ट्रेलर फिफ्थ व्हील असला पाहिजे. म्हणजे ज्याची किंगपिन (जोडणीची जाड खीळ) ट्रकच्या हौद्यात, मागच्या एक्सलच्या वर बसते तो, आणि तोही राहण्यासाठी बनवलेला. चालक किमान 18 वर्षांचा हवा. परवान्यावर ‘आर’ ही वेगळी नोंद हवी. तिला ‘रिक्रिएशनल डबल’ म्हणतात आणि ती लेखी परीक्षा देऊन मिळते. ट्रक, फिफ्थ व्हील आणि मागचा ट्रेलर मिळून लांबी 75 फुटांच्या आत हवी. मागच्या ट्रेलरचं भरलेलं वजन ट्रकच्या किंवा फिफ्थ व्हीलच्या रिकाम्या वजनापेक्षा जास्त नको. तुमचा कॅम्पर बॉलवरचा आहे, त्यामुळे तुमच्यासाठी प्रश्न इथेच मिटतो.

ही अट कोणा बाबूच्या लहरीतून आलेली नाही. बॉलवरच्या कॅम्परचा जोड ट्रकच्या मागच्या एक्सलपासून साधारण पाच फूट मागे असतो. हे पाच फूट म्हणजे तरफ. कॅम्परचं नाक डावीकडे ढकललं गेलं की ट्रकची शेपूटही डावीकडे जाते आणि ट्रकचं तोंड उजवीकडे वळतं. ते सावरायला चालक स्टिअरिंग फिरवतो, तोवर कॅम्पर परत येत असतो. झोके असे सुरू होतात. फिफ्थ व्हीलचा जोड एक्सलच्या वरच असल्यामुळे ही तरफ जवळजवळ नसतेच. मागे आणखी काही जोडायचं तर पुढचा दुवा आधी घट्ट हवा, एवढंच तो नियम सांगतो. आणि एकच ट्रेलर असला तरी मिशिगनचा कायदा म्हणतो की सपाट, सरळ, डांबरी रस्त्यावर ओढलेलं वाहन ओढणाऱ्याच्या मार्गापासून कोणत्याही बाजूला 3 इंचांपेक्षा जास्त हलता कामा नये. फक्त 3 इंच!

आता ट्रॅक्टर. सांगलीच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी 20 किलोमीटरच्या आसपास रांगतो, तुम्ही फ्रीवेवर 100 ने जाणार. वेग पाचपट झाला की थांबवायची ऊर्जा पंचवीसपट होते. शिवाय जोडीनं ओढल्या जाणाऱ्या बऱ्याच ट्रॉल्या चार चाकांच्या असतात. त्यांचा भार त्यांच्याच चाकांवर असतो, ट्रॅक्टरच्या हुकावर जवळजवळ काही येत नाही. तुमच्या कॅम्परचं तसं नाही. (आणि गळीत हंगामात त्या ट्रॉल्यांचे अपघात होतात, हे सांगलीकराला सांगायची गरज नसावी.)

त्यापेक्षा बैलगाडी आठवा. मागं ओझं जास्त भरलं की गाडी उलाळते, जू बैलांच्या खांद्यावरून उठतं आणि बैलांचा गाडीवरचा ताबा सुटतो. कॅम्परचंही तसंच आहे. त्याच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचच्या बॉलवर दाबून असला पाहिजे. याला टंग वेट म्हणतात. तो 10 च्या खाली गेला की कॅम्पर झोके घ्यायला लागतो.

तुम्हाला वाटतंय की बोट जोडली तर ट्रकवर भार वाढेल. होतं उलटं. कॅम्पर भरल्यावर 6,500 पाउंड धरा, कारण माहितीपत्रकातलं 5,200 हे कोरडं वजन आहे. त्यात पाणी नाही, गॅस नाही, बॅटरी बहुधा नाही, आणि तुमचा पोळपाट, कुकर, तांदळाचा डबा तर नाहीच. 13 टक्क्यांनी टंग वेट 845 पाउंड येतं. बोटीच्या ट्रेलरचं टंग वेट 180 पाउंड, ते कॅम्परच्या अगदी शेवटच्या टोकावर लटकणार. बॉलपासून कॅम्परच्या चाकांपर्यंत 17 फूट आणि चाकांपासून मागच्या टोकापर्यंत 11 फूट धरले, तर 180 गुणिले 11 भागिले 17, म्हणजे सुमारे 116 पाउंड पुढच्या बॉलवरून उचलले जातात. राहिले 729. कॅम्परचा भार आता 6,680, म्हणजे टक्केवारी 11 च्या खाली आली. चौथ्या दिवशी पुढचे दोन गॅस सिलिंडर रिकामे झालेत, चाकांच्या मागची सांडपाण्याची टाकी 30 गॅलन भरली आहे (म्हणजे 250 पाउंड), अशा अवस्थेत परत निघालात तर टक्केवारी 9 च्या आसपास घसरते. जाताना गाडी नीट चालली म्हणून तुम्ही निर्धास्त असता, आणि झोके सुरू होतात ते परतीच्या वाटेवर. हे आकडे गाडी उभी असतानाचे आहेत. खड्ड्यावर बोटीचं नाक आपटतं तेव्हा 180 चे क्षणभर कितीतरी जास्त होतात.

कॅम्परचा मागचा बंपर म्हणजे बहुतेक वेळा चार इंची चौकोनी पोकळ नळी असते, पातळ पत्र्याची. सांडपाण्याचा पाइप ठेवायला आणि फार तर सुटं चाक अडकवायला ती पुरते. वेल्डिंग तुटून अख्खा बंपर रस्त्यावर पडल्याचे प्रकार केवळ सायकलींच्या रॅकनं घडले आहेत. मागे काही जोडायचंच असेल तर हिच चॅसीच्या मुख्य पट्ट्यांना बसवावा लागतो, तोही कॅम्पर बनवणाऱ्याची लेखी परवानगी आणि वजनाचा आकडा हातात घेऊन. बऱ्याच मॉडेलांना ती परवानगी नसते.

आता 11,000 चा आकडा. तो काढताना ट्रकमध्ये चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी 150 पाउंडांचे, एवढेच धरलेले असतात. तुम्ही सहा जण आहात. अर्ध्या टनाच्या ट्रकची (‘अर्धा टन’ हे आता फक्त वर्गाचं नाव) खरी मर्यादा ओढण्याची नसते, वाहण्याची असते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर आहे. त्यावर लिहिलेलं असतं की प्रवासी आणि सामान यांचं एकूण वजन अमुक पाउंडांपेक्षा जास्त नको. तोच तुमचा पेलोड. तुमच्या वर्गातल्या ट्रकला तो साधारण 1,400 ते 1,900 असतो. पत्रात तुम्ही तो दिलेला नाही, म्हणून 1,550 धरून चालू. टंग वेट 845, भार वाटणारा हिच आणि त्याचे बार 90, चार मोठी माणसं 640, दोन मुलं 160. बेरीज 1,735. म्हणजे बोट नाही, बर्फाची पेटी नाही, जनरेटर नाही, तरीही ट्रक 185 पाउंडांनी जास्त भरलेला आहे. तुमच्या सहलीतली खरी अडचण ही आहे, आणि बोट विकून टाकली तरी ती तशीच राहते. हिचचे बार त्या भारातला थोडा कॅम्परच्या चाकांवर परत ढकलतात, हे खरं. पण त्या भरवशावर स्टिकरचा आकडा ओलांडायचा नसतो.

(आईंना लांबच्या प्रवासात कॅम्परमध्ये मागे आडवं होता येईल, असं मनात आलं असेल तर तेही सोडून द्या. तिथे पट्टा नाही, आणि झोके सगळ्यात जास्त तिथेच बसतात.)

अंदाजावर विसंबू नका, वजन करून घ्या. मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे गाड्या तोलायचा काटा, असतो. कॅम्पर, पाणी, सामान, माणसं, पेट्रोल सगळं भरून एकदा काट्यावर जा, भार वाटणारे बार सैल सोडून. मग कॅम्पर बाजूला सोडा आणि तीच माणसं घेऊन नुसता ट्रक पुन्हा तोला. ट्रकच्या दोन वजनांतला फरक म्हणजे टंग वेट. एक्सलवर आलेला भार दारावरच्या एक्सलच्या आकड्यांशी ताडून पाहा.

आता तुमच्या पत्नींचं म्हणणं. तुम्ही ते एका वाक्यात निकालात काढलंय, पण सगळ्या कोड्याचं उत्तर त्यातच आहे. आई-बाबा आणि एक मूल व्हॅनमध्ये बसलं तर ट्रकमध्ये तुम्ही आणि दुसरं मूल, धरा 250 पाउंड. टंग वेट आणि हिच 935. बेरीज 1,185, आणि 365 पाउंड सामानाला मोकळे. ट्रक मर्यादेत आला. आई-बाबांना व्हॅनमध्ये चढणं-उतरणं पिकअपपेक्षा खूपच सोपं. आणि तिथे पोहोचल्यावर कॅम्पर जागेवर सोडून फिरायला सहा जणांची गाडी तशीही लागणारच होती. दुप्पट पेट्रोल म्हणताय, पण दोन ट्रेलर मागे घेऊन हवा कापत जाणारा एकटा ट्रकही काही हवेवर चालणार नव्हता.

व्हॅनचं मात्र नीट तपासा. मालकाच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता बघा. पेट्रोल मिनिव्हॅनना बहुधा 3,500 पाउंड असते, पण हिच आणि कधी कधी जास्तीचा कूलर बसवला असेल तरच. काही हायब्रिड मिनिव्हॅनना ओढायची परवानगीच नाही. तसं असेल तर हा मार्ग बंद. परवानगी असेल तर 3,500 पाउंड ओढायला आणि 350 टंग वेटला चालेल असा रिसिव्हर (व्हॅनखाली बसणारी, बॉल अडकवायची चौकट) आणि दिव्यांसाठी चार पिनांचा कन्व्हर्टर बसवून घ्या. कन्व्हर्टर बॅटरीवरून थेट वीज घेणारा असावा, नाहीतर ट्रेलरच्या दिव्यांचा भार व्हॅनच्या नाजूक सर्किटवर येतो. बॉलचं माप ट्रेलरच्या कपलरवर (बॉलवर बसणाऱ्या तोंडावर) कोरलेलं असतं. बोटीला बहुधा 1 पूर्णांक 7/8 किंवा 2 इंची लागतो, कॅम्परला 2 पूर्णांक 5/16. 2 इंची कपलर 1 पूर्णांक 7/8 च्या बॉलवर बसतो, लॉकही होतो, आणि पहिल्या मोठ्या उसळीला सुटतो. म्हणून लॉक केल्यावर ट्रेलरचा जॅक थोडा वर घेऊन बघायचं : व्हॅनची शेपूट सोबत उचलली गेली तर जोड पक्का. साखळ्या कपलरखाली एकमेकींवरून फुलीसारख्या अडकवा. कपलर निसटला तर नाक त्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही.

राहिली सवय. 16 फुटी बोट पुढे ओढणं अवघड नाही. रिव्हर्स अवघड आहे, कारण छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा पटकन वळतो आणि दुमडतो. रविवारी सकाळी एखाद्या शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये दोन तास द्या. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा, ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात सरकवायचा. बोट वाकडी झाली की सावरत बसू नका, पुढे घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. हा सराव तुम्हीही करा. बोटीच्या उतारावर ट्रेलर मागे न्यायची वेळ दोघांपैकी कोणावरही येऊ शकते. आणि दोन ट्रेलर जोडलेले असते तर मागे घेणं जवळजवळ अशक्यच होतं, पेट्रोल पंपावर एक चुकीचं वळण घेतलं की बोट सोडून हातानं ढकलायची.

बोटीच्या ट्रेलरची चाकं छोटी असतात, जास्त वेळा फिरतात आणि जास्त तापतात. तापलेला हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) थंडगार तळ्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बेअरिंग मग पुढच्या प्रवासात बसतं. म्हणून निघण्याआधी ग्रीस ताजं करा, दर थांब्याला हबवर हात ठेवून पाहा (हात ठेवता येत नसेल तर थांबा), आणि उतारावर पोहोचल्यावर पाण्यात घालण्याआधी त्याला पंधरा-वीस मिनिटं निवू द्या. चाकाचे नट पहिल्या 50 मैलांनी पुन्हा टॉर्क रेंचनं तपासा. ट्रेलरच्या टायरवर ‘एसटी’ लिहिलेलं असतं आणि वेगाची खूण वेगळी नसेल तर 65 मैल ही त्याची मर्यादा धरा. हवा थंड असताना टायरवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत भरायची. बोट पुढे विंचच्या पट्ट्यानं आणि वेगळ्या साखळीनं, मागे दोन पट्ट्यांनी बांधा. आणि तळ्यातून निघताना तळाचे सगळे बूच काढून पाणी सोडा, शेवाळ आणि वनस्पती खरवडून काढा. मिशिगनमध्ये 2019 पासून ही सक्ती आहे.

आता अप्पर पेनिन्सुलाला जाताना लागणाऱ्या मॅकिनॉ पुलाबद्दल. सुमारे पाच मैलांचा पूल आहे आणि वारा बऱ्याचदा आडवा असतो. वारा वाढला की उंच गाड्यांना आणि ट्रेलरवाल्यांना मंद वेगानं, एस्कॉर्टसह नेतात. आणखी वाढला तर थांबवून ठेवतात. निघायच्या दिवशी पूल प्राधिकरणाची सूचना पाहा आणि वेळापत्रकात दोन-तीन तास मोकळे ठेवा. टोल एक्सलनुसार असतो, म्हणजे दोन्ही ट्रेलरांची चाकं मोजली जाणार. कुठेही कॅम्परनं झोके घ्यायला सुरुवात केली तर ट्रकचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग झटकू नका. पाय अलगद उचला आणि ब्रेक कंट्रोलरवरची कळ हातानं हळूच दाबून फक्त कॅम्परचे ब्रेक लावा. ती कळ कुठे आहे हे तुमच्या बोटांना न बघता माहीत असलं पाहिजे.

व्हॅनला ओढायची परवानगी नसली, किंवा पत्नींना इतका लांबचा प्रवास स्वतः चालवायचा नसेल, तर बोट घरी ठेवा आणि तिथेच दोन दिवसांची भाड्यानं घ्या. पण मग सहा माणसांचा हिशेब पुन्हा उभा राहतो. तेव्हाही आई-बाबांसाठी दुसरी गाडी लागेलच. आणि 16 फुटी बोट लेक सुपीरिअरवर नेऊ नका. ते तळं नावापुरतं तळं आहे. आतल्या लहान तळ्यांवर मासेही आहेत आणि बाबांना भीतीही वाटणार नाही.

पुढेमागे दोन्ही एकत्रच न्यायची हौस असेल तर खर्चाचा अंदाज आधी घ्या. 9,500 पाउंडांच्या फिफ्थ व्हीलचा किंगपिनवरचा भार 20 टक्क्यांनी 1,900. त्यात हौद्यातला हिच 150 आणि सहा माणसं 800. म्हणजे 2,850 पेलोड, सामानाआधी. तुमचा ट्रक त्याच्या जवळपासही नाही. पाऊण टनाच्या भक्कम मॉडेलपासून किंवा एक टनापासून सुरुवात होते. म्हणजे नवा ट्रक, नवा कॅम्पर, ‘आर’ची परीक्षा, आणि विमा कंपनीकडून लेखी होकार की दोन ट्रेलरची जोडणी पॉलिसीत बसते. लांबी मात्र आरामात बसेल : 21 फुटी ट्रक, 31 फुटी फिफ्थ व्हील, त्यातले पाचेक फूट हौद्यावर, आणि 20 फुटी बोट ट्रेलर मिळून 67.

या आठवड्यात दोनच गोष्टी करा. ट्रकच्या दारावरचा आकडा वाचा आणि व्हॅनची पुस्तिका उघडा. मग पत्नींना सांगा की रविवारी सकाळी पार्किंगमध्ये जायचंय, आणि पहिली पाळी त्यांची.